मुलीला युरोपात इंग्रजीतून एमबीबीएसला पाठवायचं म्हणतो, तीन एकर विकावं लागेल. जाणकारांनी सांगा

सेविका_मानोरा

नमस्कार मंडळी. मी वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. घरी सहा एकर कोरडवाहू वावर. सोयाबीन, त्यात तूर, आणि नाल्याकडच्या पट्ट्यात थोडी पऱ्हाटी. मोठ्या मुलीने यंदा नीट दिली. दहावीपर्यंत गावात मराठीतून शिकली, अकरावी-बारावी सायन्स अकोल्याला. तिथे खोली करून राहिली, क्लास केला. ७२० पैकी ४०६ आले. आम्ही ओबीसी, नॉन-क्रिमिलेअर काढलेलं आहे. एवढ्यावर सरकारी एमबीबीएसला नंबर लागणार नाही, असं क्लासच्या सरांनी तोंडावर सांगितलं. बीएएमएसला लागेल म्हणतात.

पण पोरीला एमबीबीएसच करायचं आहे आणि हे तिच्या डोक्यात कुठून आलं ते मला माहीत आहे. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या, रक्त जात होतं. १०८ ला फोन लावला. आशाताई आणि मी सोबत निघालो, तर पोरगीही गाडीत चढली. एका दवाखान्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, असं करत पहाटे अकोल्याला पोचलो. बाई आणि बाळ दोन्ही वाचले. परत येताना पोरगी म्हणाली, "आई, इथेच कोणी करणारं असतं तर हिची एवढी फरफट झाली नसती." त्यानंतर तिने दुसऱ्या कशाचं नाव काढलं नाही.

आता मुद्दा सांगते. जिल्ह्याच्या गावी एका हॉटेलात परदेशी शिक्षणाचा सेमिनार झाला, तिथे आम्ही दोघं पोरीला घेऊन गेलो. एजंट सांगून राहिला की जॉर्जिया किंवा बल्गेरिया, दोन्ही युरोपात, सगळं शिक्षण इंग्रजीतून, कॉलेज एनएमसी अप्रूव्हड, सहा वर्षांचं पॅकेज ४२ लाख, आणि शिकून झालं की जर्मनीत नोकरी पक्की. बुकिंगचे ५० हजार याच आठवड्यात भरा, नाहीतर सीट जाईल म्हणतो. पावती मात्र साध्या कागदावर देतो.

यांचं म्हणणं तीन एकर विकू. माझा जीव होत नाही, खालच्या लेकराचं पण बघावं लागते. पण पैशासाठी पोरीचं राहिलं असंही व्हायला नको. मला एवढं समजून घ्यायचं आहे की तिथली डिग्री आपल्याकडे चालते का? मराठीतून शिकलेल्या पोरीला तिथलं इंग्रजी झेपेल का? आणि वावर न विकता बँकेतून होते का? कोणी खरंच तिथे शिकून आलेलं असेल तर त्यांनी सांगावं.

बायोवाले_सर_पुसद

ताई, मी कनिष्ठ महाविद्यालयात बायॉलॉजी शिकवतो. युरोपचं सांगणारे सांगतील, मी त्याच्या आधीचं सांगतो, कारण हे तुम्हाला सेमिनारमध्ये कोणी सांगणार नाही.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं की. यात मेडिकलही आहे. फक्त सरकारी कॉलेज नाही, सीईटी सेलच्या कॅप फेरीतून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशातून, मिळालेलं खाजगी कॉलेजही चालते. अभिमत विद्यापीठ आणि मॅनेजमेंट कोटा यात बसत नाही. हॉस्टेल-मेस आपलं आपल्याला भरावं लागते, पण लाखोंची फी सुटते. म्हणजे तुमच्या पोरीला फक्त सरकारी यादी गाठायची नाही, खाजगीची यादी गाठली तरी बहुतेक काम झालं.

दुसरं, आपल्या भागात कॉलेजं वाढली आहेत. वाशिम, बुलडाणा, अमरावती, भंडारा, गडचिरोली इथली सरकारी मेडिकल कॉलेजं २०२४ मध्ये सुरू झाली. तुमच्या जिल्ह्याच्या गावीच आता एमबीबीएस आहे. नीट किती वेळा द्यायची याला बंधन नाही. ४०६ घेणारं लेकरू, तेही पहिल्याच प्रयत्नात, हे कच्चं लेकरू नाही. तिचा पेपर काढून बसा. फिजिक्समध्ये किती गेले ते बघा. आपल्याकडच्या पोरांचं बायॉलॉजी चांगलं असते, फिजिक्समध्ये गळते. मला प्रश्नपत्रिकेचे विषयवार गुण टाका, मी बघून सांगतो.

आणि ‘या आठवड्यात भरा’ याला भुलू नका. परदेशी प्रवेशासाठी नीटचा निकाल तीन वर्षं धरतात. यंदाचे गुण पुढच्या वर्षीही कामी येतात. सीईटी सेलच्या सगळ्या फेऱ्या संपेपर्यंत एक रुपया कोणाला देऊ नका.

डॉक्टर_उमरखेड

ताई, मी बल्गेरियात शिकलो, प्लॉवदिव्हला. मारित्सा नदीकाठचं शहर, देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं. तिथली मेडिकल युनिव्हर्सिटी १९४५ पासूनची. सहा वर्षं इंग्रजीतून शिकलो, परत येऊन इथली परीक्षा पास केली, इंटर्नशिप केली, आणि आता यवतमाळ जिल्ह्यात एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. शिक्षण चांगलं मिळालं. माझ्या शिक्षकांचं नाव मी आजही आदराने घेतो. म्हणून ‘जाऊच नका’ असं माझ्या तोंडून येणार नाही. पण तुमच्या पोरीला मानोऱ्यात, आपल्या माणसांत डॉक्टरकी करायची आहे. तिच्यासाठी जाण्याचा रस्ता नंतर, परत येण्याचा रस्ता आधी बघा. एजंट फक्त जाण्याचा दाखवतो.

सगळ्यात आधी ते ‘एनएमसी अप्रूव्हड’. एनएमसी म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग. तो परदेशातल्या कोणत्याही कॉलेजला मान्यता देत नाही आणि मान्य कॉलेजांची यादीही काढत नाही. आयोगाने १८ नोव्हेंबर २०२१ ला नियम काढले, त्या अटींत तुमचा अभ्यासक्रम बसला पाहिजे, एवढंच. अटी अशा: शिक्षण किमान ५४ महिन्यांचं, इंग्रजीतून, सगळं एकाच संस्थेत. त्याच संस्थेत वर १२ महिन्यांची इंटर्नशिप. मध्येच दुसऱ्या देशात बदली करून गेलं तर चालत नाही. प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत सगळं पूर्ण. इथे आल्यावर पात्रता परीक्षा आणि पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप. आणि एक अट लोक वाचतच नाहीत: त्या देशाच्या नागरिकाला जसं प्रॅक्टिसचं लायसन्स मिळते, तसंच त्या डिग्रीवर तुमच्या पोरीलाही मिळण्याजोगं पाहिजे.

या शेवटच्या अटीपाशी देशादेशांत फरक पडतो. जॉर्जियात सहा वर्षं झाली की स्वतंत्र प्रॅक्टिस सुरू होत नाही, त्याच्या पुढे रेसिडेन्सी, म्हणजे दवाखान्यातलं पुढचं प्रशिक्षण, आणि राज्य परीक्षा, म्हणजे त्या देशाची सरकारी परीक्षा, असते. पोलंडमध्ये सहा वर्षांनंतर १३ महिन्यांची वेगळी इंटर्नशिप आणि परीक्षा असते, त्यासाठी पोलिश भाषा यावी लागते. बल्गेरियात सहावं वर्ष पूर्ण दवाखान्यातलं असते, मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग असं फिरवतात आणि त्या-त्या विषयाची राज्य परीक्षा घेतात. म्हणून ‘युरोप’ म्हणून एक गठ्ठा धरू नका. जॉर्जिया तर युरोपियन युनियनमध्येही नाही. बल्गेरिया आणि रोमानिया २००७ पासून आहेत, तिथल्या मेडिकल डिग्रीला बाकीच्या सदस्य देशांत मान्यता मिळते. जॉर्जियाच्या डिग्रीला तशी आपोआप मिळत नाही.

आता इंग्रजीचं. वर्गात, पुस्तकात, परीक्षेत सगळं इंग्रजी, आणि ते तुमच्या पोरीला झेपेल. मीही दहावीपर्यंत मराठीतूनच शिकलो. पहिल्या वर्षाची ॲनाटॉमी तशीही अर्धी लॅटिन असते, ती दिल्लीच्या पोरालाही नवी आणि आपल्यालाही नवी. अवघड जाते ते तोंडी परीक्षेत. तिथे समोर चिठ्ठ्या ठेवतात, एक उचलायची, त्यावरचा विषय दोन-तीन प्राध्यापकांसमोर बोलून दाखवायचा. गुण दोन ते सहा, दोन म्हणजे नापास. नीटसाठी आपण चार पर्यायांतून एक निवडायला शिकतो, तिथे गप्प बसलं की संपलं. घरी आतापासून रोज एक धडा आरशासमोर इंग्रजीत बोलायला सांगा. चुकू द्या.

पण तिसऱ्या वर्षी वॉर्डात गेलो की इंग्रजी दाराबाहेर राहते. खाटेवरच्या आजीला बल्गेरियनच येते. त्यासाठी सुरुवातीच्या वर्षांत बल्गेरियन भाषेचे तास सक्तीचे असतात, लिपी वेगळी शिकावी लागते, आणि बरीच मुलं ते तास पास होण्यापुरते करतात. ती मुलं पुढे वॉर्डात भिंतीला टेकून उभी राहतात, प्राध्यापक रोग्याशी बोलतात आणि यांना दोन वाक्यांत भाषांतर मिळते. ज्याने भाषा मन लावून केली त्याला रोगी हात लावू देतो. ‘कडे वी बोली?’ म्हणजे कुठं दुखते, हे पहिलं वाक्य पाठ होते. मग पोटावर हात ठेवून विचारायचं इथे दुखते का, आणि आजी मान आडवी हलवते. बल्गेरियात आडवी मान म्हणजे हो, आणि उभी मान म्हणजे नाही. म्हणजे दुखणं बरोबर हाताखालीच आहे! माझ्या सर्जरीच्या मॅडम म्हणायच्या की रोग्याच्या तोंडाकडे बघा, मानेकडे नको, दुखलं की कपाळाला आठी पडते आणि ती सगळीकडे सारखीच. आजही ओपीडीत पोट तपासताना माझी नजर कपाळावर असते.

तिथलं आजारपण आपल्यापेक्षा वेगळं. वॉर्डात म्हातारी माणसं, हार्ट, लकवा, सिगारेटने गेलेली फुप्फुसं. हे सगळं नीट शिकवतात. पण साप चावलेला माणूस सहा वर्षांत मला वॉर्डात दिसला नाही. फवारणीची विषबाधा दिसली नाही. सिकलसेल पुस्तकात दोन पानं. आणि माझ्या आजच्या नोकरीत हेच तर आहे. जुलै ते ऑक्टोबर कपाशीवर फवारणी सुरू झाली की माणूस बंडीत टाकून आणतात. तोंडाला फेस, घामाने अंगरखा ओला, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, ॲट्रोपिन द्या, आणि छातीतला खरखराट थांबून छाती कोरडी होईपर्यंत देत राहा. बाहुली मोठी झाली का, नाडी वाढली का, यावर थांबायचं नसते, छातीवर थांबायचं असते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने वीसच्या वर कास्तकार आणि मजूर गेले, आम्हाला ते विसरता येत नाही. हे मी प्लॉवदिव्हला शिकलो नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी आलो की आपल्याकडच्या डॉक्टरांची परवानगी काढून बाजूला उभा राहून बघायचो, तिथून शिकलो. तुमची पोरगी गेली तर तिलाही प्रत्येक सुट्टीत असंच उभं करा. मण्यार आणि घोणस यांच्या विषात काय फरक पडतो, हे तिला गावात येण्याआधी आलं पाहिजे.

आणि यातूनच इथली परीक्षा अवघड जाते. एफएमजीई म्हणतात तिला. ३०० प्रश्न, पास व्हायला १५०, जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा. अलीकडच्या निकालांत दहातले एक ते तीन पास होतात. मुलं ढ असतात म्हणून नाही. प्रश्न आपल्या एमबीबीएसचे असतात: न्यायवैद्यक, कम्युनिटी मेडिसिन, लसीकरणाचं वेळापत्रक, क्षयरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम. लसीकरणाचं तर ताई तुम्हीच तिला शिकवाल, रजिस्टर तुमच्याच हाताखाली आहे! जे पहिल्या वर्षापासून भारतीय पुस्तकं सोबत ठेवतात ते निघतात. जे ‘शेवटी क्लास लावू’ म्हणतात ते दोन-तीन वर्षं दिल्लीत खोल्या करून बसतात, आणि तो खर्च कोणत्याच पॅकेजमध्ये लिहिलेला नसतो. पुढे याच परीक्षेच्या जागी नेक्स्ट नावाची परीक्षा आणायचं कायद्यात ठरलेलं आहे, त्याकडेही लक्ष ठेवा.

थंडी, खाणं, एकटी पोरगी, याची काळजी करू नका असं म्हणत नाही, पण ते सगळ्यात सोपं. प्लॉवदिव्ह आपल्या नागपूरपेक्षा रात्री शांत असते. मुली एकत्र घर भाड्याने घेतात, कणीक आणि डाळ मिळते, तिखट इथून न्यायचं.

जर्मनीची ‘पक्की’ नोकरी पक्की नसते. तिथे जर्मन भाषा बी-२ पर्यंत आणि वर डॉक्टरी जर्मनची सी-१ पातळीची परीक्षा लागते. माझे दोन वर्गमित्र तिथे आहेत, मेहनतीने गेले. पण तुमची पोरगी जर्मनीसाठी डॉक्टर होत नाही ना.

निवृत्त_शाखाधिकारी_कारंजा

ताई, मी ग्रामीण शाखांत नोकरी करून निवृत्त झालो. कर्जाचं मी सांगतो.

शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत आईवडिलांच्या सहीवर, साडेसात लाखांपर्यंत जामीनदारावर, आणि त्याच्या वर तारण. लोक सातबारा घेऊन येतात. पण शेतजमीन बहुतेक बँका या कर्जाला तारण म्हणून घेत नाहीत. थकीत कर्ज वसूल करायचा जो सरफेसी कायदा २००२ चा आहे, त्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमीन वगळली आहे, म्हणजे बँकेला ती त्या मार्गाने विकता येत नाही. त्यांना एनए प्लॉट, शहरातलं घर किंवा मुदत ठेव लागते. तुमची जमीन भोगवटादार वर्ग २ असेल तर विकायलाही परवानगी लागते, ते सातबाऱ्यावर आधी बघून घ्या. म्हणजे तुमच्यापाशी कर्ज की वावर असा निवडीचा प्रश्न नाही. तारण देणारा नातेवाईक शहरात नसला तर थेट वावरावरच येते.

आणि मुदतीचं गणित बघा. हप्ता सुरू होतो तो अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने. डॉक्टर साहेबांनी सांगितलं तसं, पोरगी तेव्हा परीक्षेची तयारी करत असेल नाहीतर इंटर्नशिपमध्ये असेल. कमाई सुरू झालेली नसते आणि हप्ता दारात येतो. ४० लाखांवर दहा टक्क्यांनी वर्षाला नुसतं व्याजच चार लाख होते.

४२ लाखांचं पॅकेजही कागदावर मांडून बघा. बल्गेरियात फी वर्षाला साधारण आठ ते दहा हजार युरो. राहणं-खाणं महिन्याला चार-पाचशे युरो धरा. युरो शंभराच्या आसपास धरला तरी सहा वर्षांत ऐंशी लाख होतात. मग एजंट ४२ कुठून काढतो? एकतर स्वस्त देश आहे, नाहीतर फक्त फी धरली आहे. शिवाय युरो एका जागी राहत नाही. २०२२ मध्ये ८० रुपयांच्या आसपास उतरला होता, २०२५ मध्ये शंभराच्या वर गेला. नऊ हजार युरोची फी सव्वासात लाखांची नऊ लाखांवर गेली, कॉलेजने एक युरो न वाढवता. सोयाबीनचा भाव त्या हिशेबाने वाढला का, ते तुम्हीच सांगा.

ओबीसींसाठीच्या सरकारी परदेशी शिष्यवृत्त्या पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहेत, परदेशातल्या एमबीबीएसला त्यातून काही मिळत नाही. कोणी तसं सांगत असेल तर जीआर दाखव म्हणा.

कास्तकार_दिग्रस

बाई, माझा मुलगा युक्रेनमध्ये शिकत होता. २४ फेब्रुवारी २०२२ ला लढाई सुरू झाली, तो बंकरात, आम्ही इथे टीव्हीपुढे. सरकारच्या विमानाने परत आला. त्यानंतर ऑनलाइन, मग दुसऱ्या देशातल्या कॉलेजात, युक्रेनवाल्यांना तेवढी सूट मिळाली होती. शेवटच्या वर्षाची जी मुलं परत आली होती त्यांना इथे इंटर्नशिप एकाऐवजी दोन वर्षं करायला लावली, कारण वॉर्डात हात चालवला नाही तर डॉक्टर कसा होणार. ते बरोबरच आहे, पण घरची दोन वर्षं जातात ना.

मी फक्त एक सांगतो. वावर विकून सगळा पैसा पहिल्या तीन वर्षांत भरून बसू नका. वर्षाची फी वर्षाला भरा, तीही युनिव्हर्सिटीच्या खात्यात, एजंटच्या नाही. आम्ही तसं केलं म्हणून मोडता-मोडता वाचलो. आमच्या मुलासोबतच्या एकाच्या घरच्यांनी सगळं एका माणसाच्या हातात दिलं होतं, ते अजून फिरून राहिले.

सेविका_मानोरा

सगळ्यांचे आभार. काल रात्री पोरीला आणि यांना समोर बसवून सगळं वाचून दाखवलं. मुलींच्या फीमाफीत खाजगी कॉलेज बसते हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. सर, गुण टाकते: बायॉलॉजी २५८, केमिस्ट्री ९१, फिजिक्स ५७. तुम्ही म्हणाले तसंच निघालं.

पोरगी म्हणते एक वर्ष पुन्हा देते, पण नाही जमलं तर? तेव्हा बाहेरचा रस्ता उघडा ठेवायचा का? आणि डॉक्टर भाऊ, तुम्ही इटलीचं काही लिहिलं नाही. माझ्या भाच्याने सांगितलं की तिथे गरिबाला फी कमी असते. खरं आहे का?

बायोवाले_सर_पुसद

फिजिक्स ५७ वरून ११० वर नेणं एका वर्षाचं काम आहे, बायॉलॉजी २५८ ला पोचवणं जास्त अवघड होतं आणि ते तिने केलं आहे. मेकॅनिक्स आणि करंट इलेक्ट्रिसिटीपासून सुरू करा. अकोल्यालाच राहायचं कारण नाही, घरी राहून टेस्ट सिरीज केली तरी चालते, पण घरकामात तिला अडकवू नका. एवढं ऐका माझं.

डॉक्टर_उमरखेड

ताई, इटलीचं खरं आहे. सरकारी विद्यापीठात फी घरच्या उत्पन्नावर ठरते, कमी उत्पन्नाला अगदी थोडी, आणि जास्तीत जास्त धरली तरी बहुतेक ठिकाणी वर्षाला चार हजार युरोच्या आत. वर प्रांताची शिष्यवृत्ती असते, तिच्यात राहण्या-जेवणाचाही आधार मिळतो, पण दर वर्षी ठरावीक क्रेडिट पूर्ण केले तरच टिकते. पाविया, मिलान, बोलोन्या, रोम अशा ठिकाणी मेडिसिन इंग्रजीतून आहे. त्यासाठी आयमॅट नावाची परीक्षा: ६० प्रश्न, १०० मिनिटं, बरोबरला दीड गुण, चुकलं की ०.४ वजा. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित आणि तर्काचे प्रश्न. नीटची तयारी तिथे बरीच कामी येते, गणित आणि तर्क वेगळं करावं लागते. युरोपबाहेरच्या मुलांना जागा वेगळ्या आणि थोड्या, चुरस मोठी. आणि भाषेचं तेच, वॉर्डात इटालियन. पण तुमच्या घरच्या परिस्थितीत युरोपचा विचार करायचाच असेल तर मी वावर विकून बल्गेरियाला पाठवण्याआधी या परीक्षेला बसवीन.

म्हणून रस्ता उघडा ठेवा, फक्त पैसे न अडकवता. पासपोर्ट आत्ताच काढा. दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं एजंटच्या हातात देऊ नका, आणि प्रत्येक कागदावर तिचं आणि आईवडिलांचं नाव एकाच स्पेलिंगचं आहे का ते तपासा. आपल्याकडे आधारवर एक, टीसीवर दुसरं, सातबाऱ्यावर तिसरं असते, आणि अपोस्टिलच्या, म्हणजे परदेशासाठी कागदांवर सरकारी शिक्का घ्यायच्या, वेळी तिथेच महिना जातो. उत्पन्नाचा दाखला तीन वर्षांचा काढून ठेवा, तो फीमाफीलाही लागतो आणि इटलीलाही.

आणि ज्या युनिव्हर्सिटीचं नाव कोणी सुचवेल तिला पोरीने स्वतः इंग्रजीत ईमेल लिहायचा. एजंटने नाही, तुमच्या भाच्याने नाही, पोरीने. त्यात हे विचारायचं: इंग्रजी शाखेत क्लिनिकलसकट सगळं शिक्षण तुमच्याच हॉस्पिटलात होते का, १२ महिन्यांची इंटर्नशिप तुम्ही देता का आणि तिचं प्रमाणपत्र वेगळं मिळते का, डिग्रीवर तुमच्या नागरिकाइतकंच लायसन्स परदेशी विद्यार्थ्याला मिळते का, आणि वॉर्डातल्या भाषेचे तास किती. जे विद्यापीठ याचं सरळ लेखी उत्तर देत नाही, ते यादीतून काढा. आयोगाचे २०२१ चे नियम वेबसाइटवर आहेत, त्यातली विषयांची यादी अभ्यासक्रमाशी ताडून बघा.

ईमेलचा मसुदा पोरीला लिहू द्या आणि इथे टाका. इंग्रजी सुधारायचं असेल तर मी सुधारून देतो. ओपीडी दोनपर्यंत असते, संध्याकाळी वाचतो.